जुन्या पिकअपचे पाटे आणि शॉकअप: आधी काय बदलायचं, कशाला हात लावायचा नाही

काटोलकडच्या एका भाऊंनी प्रश्न विचारला आहे. त्यांची 2010 ची पिकअप आहे, पुढे-मागे दोन्हीकडे कमानपाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान. हंगामात संत्र्याचे क्रेट भरून नागपूरच्या कळमन्याच्या मार्केटला यायचं, एरवी खत, पाइप, कधी सिमेंट. गाडी मागून बसली आहे. भरलेली असली की खड्ड्यात बंप रबरावर, म्हणजे एक्सल चेसिसवर आदळू नये म्हणून वर बसवलेल्या रबरावर, आपटते, रिकामी परत जाताना मागचा भाग उडतो, वळणावर डोलते आणि वावराच्या पांधण रस्त्यावर खालून घासते. पार्टवाला म्हणतो गॅसचे हेवी शॉकअप टाका, गॅरेजवाला म्हणतो मागे दोन-दोन पाटे वाढवा. खर्च एकदाच करायचा आहे. तर यातलं काय करावं, की दोन्ही करावं? आणि हात लागलाच आहे तर गाडी दोन इंच उचलून घ्यावी का?

भाऊ, मी नागपुरात बरीच वर्षं याच कामात आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. तुम्ही प्रश्न एकच विचारला, पण त्यात तक्रारी पाच आहेत: बसणं, आपटणं, उडणं, डोलणं आणि घासणं. पाचांची कारणं वेगवेगळी आहेत. पार्टवाल्याचा उपाय यातल्या एकाच तक्रारीला लागू पडतो. गॅरेजवाल्याच्या उपायाने एक दबेल, पण दुसरी वाढेल.

काही गोष्टी मला इथून सांगता येणार नाहीत. गाडीचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही. पासिंग, म्हणजे कागदावर मंजूर वजन, किती आणि प्रत्यक्षात भरता किती, हेही नाही. वर्षातले किती दिवस गाडी पूर्ण भरलेली असते, यावर तर अर्धं उत्तर अवलंबून आहे. म्हणून आकडे देईन तिथे ते समजावण्यासाठी आहेत असं धरा. तुमच्या गाडीचे आकडे टेप लावूनच कळतील.

सगळ्यात आधी शॉकअप आणि पाटा यांची कामं वेगळी करून घेऊ, कारण बहुतेक पैसा इथेच चुकीच्या जागी जातो. वजन उचलतो तो पाटा. शॉकअप वजन उचलत नाही. पाटा दबून परत वर येतो, तेव्हा त्याने खालीवर झुलत राहू नये म्हणून ती हालचाल शॉकअप मारतो. आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि हालचालीची ताकद उष्णतेत जाते. गॅसचा शॉकअप हातात धरला तर दांडी आपोआप बाहेर येते, त्यामुळे तो गाडी उचलेल असं वाटतं. पण तो दाब दांडीच्या बारीक तोंडावरच असतो. ज्यात जास्त दाब भरलेला असतो त्या शॉकअपमध्येही त्याचा जोर वीस-चाळीस किलोच्या आसपास भरतो. तुमच्या हौद्यात टनभर माल सहज असू शकतो. म्हणजे बसलेली गाडी शॉकअपने उठणार नाही, मग तो कितीही हेवी असो.

आता पाटा. याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, माझं सगळं उत्तर तिच्यावर उभं आहे. बसलेला पाटा मऊ झालेला नसतो. पोलादाचा लवचिकपणा दहा-पंधरा वर्षांत बदलत नाही. जाते ती त्याची गोलाई. म्हणजे शंभर किलो टाकल्यावर तो नवा असताना जितका दबायचा, जवळपास तितकाच आजही दबतो. फक्त त्याची सुरुवातच खालून होते.

समजा, नव्या गाडीत रिकामी असताना मागचा एक्सल आणि वरचं बंप रबर यांत 100 मिलिमीटर जागा होती. पूर्ण मालाने गाडी 65 मिलिमीटर दबते. उरले 35, आणि खड्डे तेवढ्यात सामावून जायचे. आता पाटा 30 मिलिमीटर बसला. तोच माल, तेवढंच दबणं, पण खाली उरली फक्त 5 मिलिमीटर जागा. प्रत्येक खड्ड्यात आपटणारच. गेले ते 30 मिलिमीटर परत आणायचे, हा इलाज. पण आपल्याकडे गोलाई परत आणण्याऐवजी कडकपणा वाढवतात.

कडकपणा किती वाढतो तेही पाहा. सारख्या जाडीच्या पाच पाट्यांच्या कमानीत दोन पाटे टाकले की ती ढोबळमानाने 40 टक्के कडक होते. जाडीचा हिशोब तर याहून तीव्र आहे, कारण कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. 7 मिलिमीटरच्या पाट्याजागी 8 मिलिमीटरचा टाकला की तो एक पाटा जवळपास दीडपट कडक होतो. एका मिलिमीटरने काय होतंय, असं म्हणून बाजारात जे मिळेल ते बसवलं जातं आणि मग गाडी रिकामी असताना मागे बसणाऱ्या माणसाचे हाल होतात.

हाल फक्त माणसाचे होत नाहीत. तुमची गाडी एका बाजूने भरून येते आणि दुसऱ्या बाजूने बहुतेक वेळा रिकामी जाते, म्हणजे अर्धे किलोमीटर रिकामे. कडक कमानीवर रिकामी गाडी खड्ड्यात गेली की चाक रस्त्यावर टेकून राहण्याऐवजी उडतं. हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना पकड असते. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर रिकाम्या पिकअपची मागची बाजू सरकते, तिथे कडक पाट्यांचा वाटा मोठा असतो. तुमची गाडी आताच मागून उडते म्हणता. दोन पाटे टाकले तर ती जास्त उडेल.

तरी लगेच पाट्यांकडे वळू नका. तपासणीचा क्रम माझ्याकडे ठरलेला आहे, तो सांगतो.

एवढ्या जुन्या गाडीत मी आधी चेसिस पाहतो. पाटा जिथे चेसिसला बसतो ते ब्रॅकेट, त्याचे रिव्हेट आणि आजूबाजूचा चॅनेल. तारेच्या ब्रशने माती-गंज काढून उजेडात पाहा. रिव्हेटभोवती लालसर भुकटी दिसली तर तो सैल झाला आहे. ब्रॅकेटच्या टोकापासून केसासारखी रेघ निघाली असेल तर ती भेग आहे. असं काही निघालं तर आधी त्याचं काम. तडकलेल्या चॅनेलवर नवे कडक पाटे बसवणं म्हणजे तडा वाढवणं.

मग रबर आणि पिना. तुमच्या डोलण्याचं मूळ इथेच असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. पाट्याच्या पुढच्या डोळ्यातला बुश (पिनेभोवतीचं रबर), मागच्या शॅकलचे, म्हणजे पाट्याचं मागचं टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे, वरचे-खालचे बुश, शॉकअपच्या दोन्ही टोकांचे रबर, आणि गाडीला अँटी रोल बार (वळणावर झुकणं आवरणारी दांडी) असेल तर त्याचे बुश. नागपूरचा उन्हाळा रबराला फार मारक आहे. मे महिन्यात हवाच 45 अंशांवर जाते, डांबराची उष्णता खालून वेगळी. रबर कडक होतं, मग तडकतं आणि पावसाळ्यातली बारीक काळी माती त्या फटीत शिरून आतली पिन घासत बसते. बाहेरून बुश जागेवर दिसतो, आत मात्र पिन अंडाकृती झालेली असते.

पाहण्याची रीत सोपी आहे. सपाट जागी पुढच्या चाकांना ठोकळे लावा, चेसिस जॅकने उचलून घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घ्या आणि पाट्यावरचा ताण सैल करा. आता शॅकल आणि पाटा यांच्या मधे टॉमी (लोखंडी दांडा) घालून हलवा. रबर थोडं दाबलं जाईल, ते ठीक आहे. टक्क असा धातूचा आवाज आला किंवा शॅकल बाजूला झुकली तर बुश संपला. चालत्या गाडीत ओळखायचं असेल तर आपल्या शहरातले सिमेंट रोड चांगली परीक्षा घेतात. त्यांच्या जोडांवरून 30-40 च्या वेगाने रिकामी गाडी न्या. प्रत्येक जोडाला मागून एकच दबका धप्प आवाज आला तर तो टायरचा. धप्पनंतर लगेच दुसरा बारीक टक्क आला तर शॅकल किंवा शॉकअपचा बुश सैल आहे.

यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट हा पुढचा मुद्दा, आणि यावर मी कुणाचंही ऐकत नाही. यू-बोल्ट कमान एक्सलला बांधून ठेवतात, सेंटर बोल्ट सगळे पाटे मधोमध एकत्र धरतो. यू-बोल्ट सैल पडले की पाटा एक्सलवर सूक्ष्म सरकत राहतो. सगळा जोर बिचाऱ्या सेंटर बोल्टवर येतो, आणि तो तुटला की एक्सल एका बाजूने मागे जातो. गाडी सरळ रस्त्यावर तिरकी चालते, मागून येणाऱ्याला ती तिरकी दिसते, आणि टायर महिनाभरात खाल्ला जातो. तपासायचं असेल तर पाट्याच्या पुढच्या पिनेपासून एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. फरक दिसला तर सेंटर बोल्ट बघितल्याशिवाय गाडी भरू नका. पाटे खोलले की यू-बोल्ट नवे घ्या. जुने ताणलेले असतात, आटे झिजलेले असतात. ते घट्ट झाल्यासारखे वाटतात, पण धरून ठेवत नाहीत.

हे सगळं ठीक करून घेतल्यावरच पाट्यांचा निर्णय. टेप लावून एक्सल ते बंप रबर हे अंतर दोन्ही बाजूंनी घ्या, एकदा रिकाम्या गाडीत आणि एकदा तुमच्या नेहमीच्या मालासह. एक बाजू दुसऱ्यापेक्षा बरीच खाली असेल तर त्या कमानीत एखादा पाटा तुटलेला असतो. बहुतेक वेळा तो सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटतो आणि यू-बोल्टच्या प्लेटखाली असल्यामुळे दिसत नाही. कमान खोलल्यावरच सापडतो.

गोलाई परत आणायचे दोन रस्ते आहेत. पहिला, पाटे खोलून कारागिराकडून थंड ठोकून गोलाई देणं. आपल्याकडे वाडीच्या बाजूला ट्रकांचं काम जिथे चालतं तिथे हे काम चांगलं जाणणारे हात आहेत. पाटे निरोगी असतील, म्हणजे भेगा नाहीत, टोकं एकमेकांत रुतून खाचा पडलेल्या नाहीत, तर हे काम स्वस्तात होतं आणि हंगाम-दोन हंगाम टिकतं. त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. थकलेला पाटा पुन्हा बसतो, आणि दुसऱ्यांदा लवकर बसतो. दुसरा रस्ता, कंपनीच्या मापाची पूर्ण नवी कमान. गाडी अजून चार-पाच वर्षं चालवायची असेल आणि तीच रोजीरोटी असेल, तर माझा कौल याला आहे.

एक गोष्ट मात्र कुणालाही करू देऊ नका: गॅसच्या बत्तीने पाटा तापवून वाकवणं. कमानीचं पोलाद कारखान्यात तापवून, तेलात थंड करून, पुन्हा ठराविक उष्णतेवर नेऊन तयार केलेलं असतं, आणि त्याच्या पृष्ठभागावर छर्रे मारून तो दाबात ठेवलेला असतो, म्हणजे भेग सहज सुरू होऊ नये. बत्ती लावली की त्या जागेपुरतं हे सगळं जातं. पाटा सुंदर गोल दिसतो, दोन महिने गाडीही उंच दिसते, आणि मग तिथेच एक तर बसतो किंवा तुटतो. भरलेल्या गाडीचा मेन पाटा (डोळे असलेला सगळ्यात लांब पाटा) तुटला तर एक्सल धरून ठेवणारं त्या बाजूला काही राहत नाही.

मग पाटा वाढवायचाच नाही का? वाढवता येतो, पण हिशोबाने. वर्षातले बहुतेक दिवस पासिंगइतका माल, रस्ता खराब, आणि नवी कमान बसवूनही बंप रबरापर्यंत जागा कमी उरते, अशी स्थिती असेल तर एक पाटा टाका, दोन नाही. तोही बाकीच्यांच्या रुंदीचा, बाकीच्यांपेक्षा जाड नाही, आणि गोलाई बाजूच्या पाट्यांशी जुळणारी. सगळ्यात खाली आखूड आणि जाड पाटा घुसवणं ही सोपी युक्ती सगळे करतात. पण तो मधला भाग ताठ करून ठेवतो आणि सगळं वाकणं त्याच्या टोकांशी गोळा होतं. वरचा पाटा नेमका तिथेच तुटतो.

तुमच्यासारख्या अर्धा वेळ रिकामं धावणाऱ्या गाडीला हेल्परची, म्हणजे मुख्य कमानीसोबतच्या वेगळ्या मदतनीस पाट्यांची, रचना जास्त योग्य आहे. हेल्पर रिकाम्या गाडीत टेकत नाही. माल भरून गाडी ठराविक दबली की मगच तो चेसिसवरच्या आधाराला टेकतो आणि वजन घेऊ लागतो. त्यामुळे रिकाम्या गाडीची चाल मऊ राहते आणि भरलेली सावरली जाते. तुमच्या गाडीला कंपनीचा हेल्पर असेल तर तो किती जागा सोडून आहे ते पाहा. मुख्य कमान बसली असेल तर हेल्पर रिकाम्या गाडीतच टेकलेला असेल, आणि रिकामी गाडी मागून उडते त्याचं कारण कदाचित तेवढंच असेल. मुख्य कमानीची गोलाई आली की हेल्पर आपोआप सुटा होईल.

उडण्याचं आणखी एक कारण फुकटात तपासता येतं, ते म्हणजे टायरची हवा. मालाच्या हिशोबाने मागच्या टायरांत भरलेली पूर्ण हवा रिकाम्या परतीत तशीच राहते, आणि टायर दगडासारखे होतात. गाडीच्या पुस्तकात किंवा दरवाज्याजवळच्या पट्टीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे दिले असतील तर ते पाळा. परतीचा लांब पल्ला रिकामा असेल तर हवा कमी करून जा, आणि भरण्याआधी न विसरता पुन्हा भरा. कमी हवेवर माल भरणं हे जास्त हवेपेक्षा कितीतरी धोक्याचं.

आता शॉकअप. जुने गेले आहेत की नाही हे आधी ठरवा. कारसारखं मागून दाबून, किती वेळा झुलते ते मोजण्याची रीत पाट्यांच्या गाडीला लागू होत नाही. पाट्यांचं आपसातलं घर्षणच इतकं असतं की शॉकअप मेला तरी गाडी हाताने झुलत नाही. मी वेगळं करतो. वीसेक किलोमीटर खराब रस्त्यावर चालवून आणतो आणि लगेच चारही शॉकअपच्या नळीला हात लावतो, आधी उलट्या हाताने, कारण चांगला तापलेला शॉकअप भाजतो. काम करणारा शॉकअप गरम असतो. बाजूचा गरम आणि हा गार, तर हा काही करत नाही. नळीवर तेलाचा पातळ ओलसर थर आणि त्यावर धूळ एवढंच असेल तर घाबरू नका, पण तेल ओघळून खाली थेंब जमत असेल तर तो संपला. टायरवर हात फिरवून पाहा. ठिकठिकाणी खोलगट वाट्या पडल्या असतील तर चाक उड्या मारतंय, आणि शॉकअप ते थांबवत नाही.

बदलायचे तर कोणते? बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. दोन नळ्यांचा नुसत्या तेलाचा, दोन नळ्यांचा कमी दाबाचा गॅस भरलेला, आणि एकाच नळीचा जास्त दाबाचा गॅसवाला. पहिल्यात खराब रस्त्यावर सतत चालल्यावर तेलात फेस होतो आणि पकड सैल पडते. दुसऱ्यात गॅसच्या दाबाने तो फेस आवरला जातो. तिसरा सगळ्यात लवकर थंड होतो आणि त्याची पकड सगळ्यात एकसारखी असते, पण त्याचा पिस्टन बाहेरच्या नळीलाच घासून चालतो. त्या नळीवर गोटा लागून चेपलं की पिस्टन तिथे अडकतो. दोन नळ्यांच्या शॉकअपला बाहेरून पोचा आला तरी आतली नळी बरेचदा वाचते. तुम्ही पांधणीतून गोट्यांवरून गाडी काढता. म्हणून तुम्हाला मी दोन नळ्यांचा गॅसवालाच सांगेन, कंपनीच्या मापाचा. महागाचा म्हणून तिसरा घेऊ नका.

आणि हेवी या शब्दावर जाऊ नका. शॉकअप जास्त कडक असेल तर दबलेला पाटा वर यायला वेळ लागतो. खड्डे एकामागून एक आले तर पाटा पूर्ण वर येण्याआधीच पुढचा खड्डा येतो. दर खड्ड्याला गाडी थोडी खाली खाली जात शेवटी रबरावर बसते. बसलेल्या पाट्यांवर हेवी शॉकअप लावून, आता जास्त आपटते, अशी तक्रार घेऊन लोक येतात, त्याचं कारण हे. शॉकअपचा जोर पाट्याच्या कडकपणाशी जुळलेला हवा. कंपनीच्या पाट्यांना कंपनीच्या मापाचा शॉकअप पुरतो. एक पाटा वाढवला असेल तर एक पायरी वरचा घ्या, दोन पायऱ्या नाही.

लांबीही तपासा. गाडी दबून एक्सल बंप रबराला टेकते तेव्हा शॉकअपच्या आत अजून थोडी जागा उरलेली असली पाहिजे. नाहीतर धक्का रबराऐवजी शॉकअपच्या आत बसतो आणि वरचा माउंट उखडतो. बसवण्याआधी दोन नळ्यांचा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्या, कारण दुकानात आडवा पडून आत हवा सरकलेली असते. दाबताना मधेच कुठे एकदम हलका लागला, तर तो बसवू नका. नेहमी जोडीने बदला. आणि रबर बुशांचे बोल्ट, शॉकअपचे असोत की पाट्याचे, शेवटचा घट्ट पिळा गाडी चाकांवर जमिनीला उभी असतानाच द्या. गाडी घोडीवर लटकलेली असताना आवळले तर खाली उतरवताच रबराला पीळ बसतो आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. हे साधं काम आहे, पण घाईत सर्रास चुकतं, म्हणून बोल्ट आवळताना समोर उभे राहा.

उंचीबद्दल. पांधणीत नेमकं काय घासतंय ते आधी खाली वाकून पाहा. खरचटल्याच्या खुणा सांगतील. डिफरन्शियलच्या हाउसिंगचं पोट किंवा यू-बोल्टची टोकं घासत असतील, तर पाटे-शॅकल बदलून गाडी उचलल्याने काहीही होणार नाही. पाट्यांनी चेसिस वर जाते, एक्सल चाकांना जोडलेला असतो आणि आहे तिथेच राहतो. एक्सल फक्त मोठ्या टायरने वर जातो, आणि टायरचं माप बदलण्यात गिअर, स्पीडोमीटर, ब्रेक असे वेगळे प्रश्न आहेत. सायलेन्सर, स्टेपनीचं ब्रॅकेट किंवा चेसिसचा काही भाग घासत असेल, तर कमानीची मूळ गोलाई परत आली की बहुधा तेवढ्याने सुटेल.

मूळ उंचीच्या वर मात्र जाऊ नका. मागची बाजू वर गेली की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि त्याच्या सांध्यांतले क्रॉस लवकर जातात. पुढचा पाटा लांब शॅकलने उचलला की एक्सलचा कोन फिरतो, स्टेअरिंग सरळ रेषेत परत यायला आळस करतं. ब्रेकचे होज ताणले जातात. बऱ्याच पिकअपना मागच्या एक्सलला दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. गाडी जितकी दबेल तितका तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी उंच केली किंवा पाटे कडक केले की भरलेली गाडीही कमी दबते, आणि व्हॉल्व्ह ती हलकी समजून मागचे ब्रेक कमी लावतो. टनभर माल आणि मागे अर्धे ब्रेक. म्हणून नवी कमान बसवली तरी हा व्हॉल्व्ह कंपनीच्या मापाने जुळवून घ्या. पाटे बदलणारे बरेच कारागीर त्याला हात लावत नाहीत, तुम्ही आठवण करून द्या. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरचा तपशील आणि कंपनीचं मूळ स्वरूप यांच्याशी विसंगत बदल करता येत नाही. तुमच्या गाडीइतक्या जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेसला उभं राहावं लागतं, तिथे हे निघणारच.

जास्त मालाबद्दल स्पष्ट बोलतो, कारण पाटे वाढवण्यामागे बरेचदा तोच विचार असतो. पाट्याने गाडी वर दिसते, पण एक्सल, हबचे बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चेसिस होते तेवढ्याच ताकदीचे राहतात. क्रेटमागे 20 किलो संत्री धरली तर 60 क्रेट म्हणजे 1,200 किलो, वर रिकाम्या क्रेटचं वजन वेगळं. हे गणित आपल्या पासिंगशी ताडून पाहा. कलम 194 खाली ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपये आहे, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, आणि माल तिथेच उतरवावा लागतो. नाशवंत माल रस्त्याच्या कडेला उतरवणं काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि भरताना जड माल फाळक्याकडे रचू नका. मागच्या एक्सलच्या मागे गेलेलं वजन पुढची चाकं हलकी करतं. केबिनकडून भरत या. डोलणं यानेही बरंच कमी होतं.

पुढेही पाटे आहेत असं तुम्ही लिहिलंय, पण बघितल्यावर तिथे पाट्यांऐवजी स्वतंत्र सस्पेन्शन निघालं, तर पुढच्या बाजूचं काम वेगळं: बॉल जॉइंट, आर्मचे बुश, आणि टॉर्शन बार असेल तर त्याचा बोल्ट फिरवून उंची वाढवण्याचा मोह टाळायचा, कारण त्याने चाकाला खाली जायला जागा उरत नाही. पुढचं काहीही खोललं की अलाइनमेंट करून घ्यायची. ही चर्चा मॉडेल कळल्यावर करू.

तर तुमच्या पैशांचा क्रम असा लावा. चेसिस आणि ब्रॅकेट तपासणं, मग सगळे बुश, शॅकल पिना आणि नवे यू-बोल्ट. त्यानंतर मागची कमान, शक्य असेल तर नवी, नाहीतर थंड ठोकून गोलाई दिलेली, आणि सोबत ब्रेकचा व्हॉल्व्ह जुळवणं. मग चारही शॉकअप, गॅसचे, कंपनीच्या मापाचे. पाटा वाढवायचा विचार या सगळ्यानंतर महिनाभर गाडी चालवून, आणि उंची वाढवायचा विचार सोडून द्या. पैसे एकदम जमत नसतील तर पहिले दोन टप्पे आधी करा. शॉकअप थांबू शकतात, सैल यू-बोल्ट थांबत नाहीत.

काम पावसाळा संपल्यावर, आंबिया बहाराचा (पावसाळ्यानंतर तोडणीला येणाऱ्या संत्र्याचा) माल सुरू होण्याआधी करून घ्या. पावसाळ्यात खोललं तर नव्या बुशांत पहिल्याच आठवड्यात चिखल जातो, आणि तोडणी लागल्यावर गाडी उभी ठेवणं तुम्हाला परवडणार नाही. पहिली भरलेली खेप झाली की यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या, आणि 500 किलोमीटरनंतर परत एकदा. नवे पाटे एकमेकांवर बसतात तेव्हा बोल्ट थोडे सैल होतातच.

मला एवढं कळवा: मॉडेल, आरसीवरचं पासिंग, मागच्या कमानीत पाटे किती आणि त्यांची जाडी, हेल्पर आहे की नाही, आणि एक्सल ते बंप रबर हे अंतर रिकाम्या व भरलेल्या गाडीत, दोन्ही बाजूंचं. शक्य झालं तर खालून घासल्याच्या जागेचा एक फोटो. त्यावरून नवी कमान लागेल की गोलाईवर भागेल, हे बरंच नेमकं सांगता येईल.